पाच वर्षांखालच्या मुलांच्या मातांवर पहिला प्रबंध : नवशिक्यांसाठी

विषय निवडण्यात वेळ घालवू नका. सातारा-सांगली पट्ट्यात नर्सिंगची आणि वैद्यकीय कॉलेजं भरपूर, त्यामुळे साचा तयारच आहे : ‘निवडक भागातील पाच वर्षांखालील मुलांच्या मातांच्या अमुकविषयीच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाचा परिणाम’. अमुकच्या जागी अतिसार, स्तनपान, लसीकरण, मोबाइलचा नाद, यांपैकी मागच्या बॅचने न घेतलेलं काहीही घाला. निवडक भाग म्हणजे होस्टेलपासून वडापने तासाभरात जाऊन येता येईल असा भाग. माता साठ घ्या. साठच का, असं व्हायव्हाला कुणी विचारलं तर सूत्र सांगायचं. सूत्राचं उत्तर साठ येईपर्यंत त्यात काय काय बदलायचं, ते सीनियर सांगतील.

एथिक्स कमिटीची मंजुरी आली की संमतीपत्रं घेऊन अंगणवाडी गाठा. सही येत नसेल तर अंगठा घ्यायचा आणि शेजारी तटस्थ साक्षीदाराची सही, असा नियम आहे. त्या साक्षीदारासाठी गावभर फिरू नका, सेविकाताई समोर बसलेल्याच असतात. पोषण आहाराची पाकिटं त्यांच्याच हातून मिळतात, मुलाचं नाव त्यांच्याच रजिस्टरात असतं, त्यामुळे त्या शेजारी असल्या की एकही बाई नाही म्हणत नाही. प्रबंधात याला ‘मातांचा उत्स्फूर्त प्रतिसाद’ म्हणतात.

घरभेटीला सकाळी अकरा वाजता जाऊ नका. बाया भांगलणीला गेलेल्या असतात. संध्याकाळी माता भेटते, पण बोलतात सासूबाई. माता चुलीपाशी उभी राहून मान हलवते, आपण ‘होय’वर खूण करायची. वडिलांना विचारायचं कारण नाही. अभ्यास पालकत्वाचा असला तरी वडिलांचं शिक्षण, व्यवसाय आणि उत्पन्न एवढंच लागतं, तेही कुटुंबाची आर्थिक श्रेणी ठरवायला. विटा-आटपाडीकडचे कितीतरी बाप गलाईच्या धंद्यात परराज्यात सोनं-चांदी गाळत बसलेत. एखादा रोज रात्री व्हिडिओ कॉलवर पोराला झोपवत असेलही. तो रकाना प्रश्नावलीत नाही, म्हणजे तसं काही घडत नाही.

आता प्रश्न विचारण्याकडे वळू. इथे जरा थांबायला हवं, कारण नवशिके इथेच फसतात.

‘बाळाला सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय दुसरं काही दिलं का?’

‘काय बी नाय बघा. निव्वळ अंगावरचं.’

खूण करा, पुढचा प्रश्न घ्या आणि चहाला थांबू नका. थांबलात तर ओसरीवर आजी सहाणेवर काहीतरी उगाळताना दिसतील : वेखंड, मुरडशेंग, जायफळ, हळकुंड, वर खारीक-बदामाचे दोन वेढे.

‘आजी, हे काय?’

‘गुटी. सव्वा म्हैन्यापासनं रोजची.’

‘पण दुधाशिवाय काही देत नाही म्हणालात ना?’

‘आता गुटी काय खाणं हाय व्हय?’

इथे नवखा माणूस खोडरबर काढतो. काढू नका, आजींचा मुद्दा साधा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत निव्वळ स्तनपान म्हणजे पाणीसुद्धा नाही, चालतं ते फक्त औषध, जलसंजीवनी आणि जीवनसत्त्वांचे थेंब. आजींच्या लेखी गुटी हे औषधच आहे. मग सहाणेवरचं पाणी कुठल्या रकान्यात जाणार? आणि चाटवलेलं मध? वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, कारण त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे क्वचित बाळाला पक्षाघातासारखा आजार होऊ शकतो, हे आपल्याला पाठ आहे. आजींना ते कुणी सांगितलेलं नाही, आणि आपण सांगायला आलेलो नाही, विचारायला आलो आहोत. खरी माहिती हवीच असेल तर एकेक जिन्नस घेऊन विचारावं लागतं : काल दिवसभरात पाणी दिलं? मध? गुटी? ग्राइप वॉटर? वरचं दूध? असं विचारलं की निव्वळ स्तनपानाचा आकडा घसरतो, आणि घसरलेला आकडा गाइडला समजावून सांगणं हे एका टर्ममध्ये होणारं काम नाही.

वजन घेताना करदोटा, वाळे, मनगट्या आणि ताईत यांचं काय करायचं, हे पाठ्यपुस्तकात नाही. वाळे उतरवतात, करदोट्याला हात लावू देत नाहीत. काटा बघून ‘वा, चांगलं बाळसं धरलंय’ असं मोठ्याने म्हणू नका, दृष्ट काढेपर्यंत पुढची मापं घेता येणार नाहीत. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी निजवून मोजायची. उभं करून मोजली तर सात मिलिमीटर मिळवायचे. यात विनोद काही नाही, पण बहुतेक जण मिळवत नाहीत.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे माणसं एका जागी राहत नाहीत. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते. बाळ जन्मतं जतला, सासर कोरेगावचं, त्यामुळे एकीकडची आशाताई म्हणते ते तिकडचं आणि तिकडची म्हणते ते इकडचं. कारखान्यांचं गाळप सुरू झालं की मराठवाड्यातून टोळ्या येतात, फडाकडेला कोप्या पडतात आणि वर्षा-दोन वर्षांची पोरं उसाच्या पाचटावर खेळत बसतात. लस चुकलेली, वजन कमी पडलेलं, जुलाब लागलेलं मूल शोधायचं तर ते तिथेच सापडेल. काळजी करू नका. ‘गावात किमान एक वर्ष वास्तव्य’ एवढी एक अट प्रस्तावात घातली की कोप्या अभ्यासातून आपोआप गळतात.

आता नियोजित शिक्षण. फ्लिपचार्ट घ्या आणि पाऊण तास अतिसारावर बोला. एक लिटर स्वच्छ पाणी, साखर सपाट सहा छोटे चमचे, मीठ अर्धा चमचा. आरोग्य केंद्रातून जस्ताच्या गोळ्या, चौदा दिवस. सातव्या दिवशी तीच प्रश्नावली पुन्हा द्या. गुण वाढतात. ते वाढणारच, उत्तरं आपणच सांगून आलो होतो. पी ०.००१ पेक्षा कमी येतो आणि मार्गदर्शकांचा चेहरा उजळतो. मात्र कुणाला ‘ताई, आत्ता करून दाखवा’ असं म्हणू नका. सपाट म्हटलेला चमचा शिगोशीग भरलेला निघेल, लिटरऐवजी तांब्या येईल, आणि जास्त मिठाचं पाणी जुलाब झालेल्या बाळाला धोक्याचं असतं हे तुम्हालाही माहीत आहे.

वाचनाच्या प्रकरणात डॉ. अभय आणि राणी बंग यांचा गडचिरोलीचा अभ्यास टाकावाच लागतो, सगळेच टाकतात. मूळ लेख उघडू नका, मन विचलित होतं. १९९३ ते १९९८. ३९ गावांत नवजात बाळांची घरी देखभाल, ४७ गावं तुलनेला. गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं, त्यांनी बाळाचे श्वास मोजले, ऊब दिली, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनं दिली. सुरुवातीला हजार जन्मांमागे ६२ नवजात मुलं दगावत होती, तिसऱ्या वर्षी हा आकडा सुमारे पंचवीसवर आला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने ते छापलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जाते, ती याच कामातून आलेली पद्धत. आता पुन्हा आकडे बघा. आरोग्यदूताला किती माहिती आहे, यावर त्यांनी शेवटचा हिशोब केला नाही. किती बाळं जगली ते मोजलं. त्यासाठी प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदवावा लागला, त्यात वर्षं गेली. आपल्याकडे एक टर्म आहे आणि त्यात दिवाळीची सुट्टीही येते.

व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक येतात. त्यातले एखादे म्हातारे सर तक्त्यांची पानं उलटून विचारतात, ‘या साठ बायांच्या पोरांपैकी पुढच्या पावसाळ्यात किती जणांना जुलाब झाले?’ गांगरू नका. हे तपासता आलं नाही, असं ‘अभ्यासाच्या मर्यादा’ या मथळ्याखाली लिहून ठेवलेलं असू द्या. पहिल्या क्रमांकावर नको, चौथ्या.