तंबूतलं गिऱ्हाईक

पोरांना निसर्ग दाखवायचा, यावर पुण्या-मुंबईच्या पालकांचं एकमत आहे. कुठे दाखवायचा, यावरून मात्र दोन तट पडलेत. एक गट पवना धरणाच्या काठी रिसॉर्टवर जातो, दुसरा हरिश्चंद्रगडावर. पहिले दुसऱ्यांना वेडे म्हणतात, दुसरे पहिल्यांना गुळगुळीत. दोघांचंही फार चुकत नाही.

पवनाकाठी तंबू आधीच ठोकलेला असतो. सगळे एका रांगेत, एका रंगाचे. आत गादी, बाहेर चार्जिंगचा बोर्ड. पाचला चहा-भजी, आठला बार्बेक्यू, मग शेकोटी. शेकोटी हॉटेलचा माणूस पेटवतो, पोरं लांबून तिचा व्हिडिओ काढतात. समोर तुंग आणि तिकोना ताटकळत उभे, पण रेन डान्स चालू असताना किल्ल्यांकडे कोण बघणार? रात्री दहानंतर स्पीकर बंद, असा २००० सालचा ध्वनिप्रदूषणाचा नियम आहे. बऱ्याच ठिकाणी तो पाटीवर काटेकोरपणे पाळतात.

खरी गंमत पुढे आहे. ‘काका, पनीर गार झालंय!’ आठ वर्षांचं पोरगं खुर्चीतून न उठता ओरडतं आणि काका पळत येऊन ताटली बदलून देतात. एवढी बडदास्त अधिकमासात जावयाचीही होत नाही. पोरगं निसर्गात येतं ते गिऱ्हाईक म्हणून आणि जाताना निसर्गाला पाचपैकी तीन तारे देऊन जातं.

आता गडावर या. कोकणकड्याजवळच्या कातळात खुंटी शिरत नाही. तंबूची दोरी दगडाला बांधावी लागते. बाप पोराला म्हणतो, ‘दगड आण.’ पोरगं मुठीएवढे दोन आणतं. कड्यावरून वारा वर येतो आणि तंबूचा एक कोपरा दगडासकट उचलला जातो. पोरगं काही न बोलता जातं आणि पोटाशी धरून, वाकत वाकत, एक धोंडा घेऊन येतं. रात्री तंबू फडफडतो, पण जागचा हलत नाही. तो धोंडा कुणाचा, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही.

म्हणून रानवाल्यांनी लगेच कॉलर ताठ करू नये. हे वीर पाचनईच्या सोप्या वाटेनं चढतात आणि फोटोखाली ओळी नळीच्या वाटेला शोभतील अशा लिहितात. वर गावकऱ्यांकडून पिठलं-भाकरी मागवतात. त्याला हरकत नाही, गावाच्या हाताला चार पैसे मिळतात. पण त्यानंतर जी शेकोटी पेटते, तिचं काय? हा मुलूख १९८६पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे आणि राखीव जंगलात विस्तव पेटवणं १९२७च्या वन कायद्यानं गुन्हा आहे. म्हणजे पोराला निसर्गप्रेमाचा पहिला धडा मिळतो तो कायदा मोडून. पावसाच्या तोंडावर हीच मंडळी भंडारदऱ्याला काजवे बघायला जातात आणि मोबाइलचा टॉर्च लावून काजवे शोधतात. काजव्यांचा नर लुकलुकतो तो मादीनं उत्तर द्यावं म्हणून. टॉर्चच्या झोतात दोघांचीही चुकामूक होते. लग्नाचं जमत असताना मांडवात हॅलोजन घेऊन घुसणाऱ्यांना वऱ्हाडी कोण म्हणेल?

आणि तीन वर्षांच्या लेकराला पाठीवर टाकून कड्यावर नेणाऱ्याला शाबासकी नको, समज द्या. त्या वयाला धरणकाठचं रिसॉर्ट उत्तम. संडास जवळ असतो, हाही निसर्गच.

तेव्हा भांडण जागेचं नाहीच. पोराला काम आहे का आणि अंधार आहे का, एवढंच विचारा. राजमाचीला उधेवाडीत गावकऱ्याच्या अंगणात तंबू टाकून, हंडाभर पाणी आणायला पोराला सोबत धाडलं, तरी दोन्ही साधतं.

रिसॉर्टवाल्यांनाही हे जमण्यासारखं आहे. तंबू गुंडाळलेला द्यायचा, सांगाडा आणि दोऱ्या हातात ठेवायच्या आणि तासभर काकांनी गायब व्हायचं. पण मग बाबांनाही तंबू ठोकता येत नाही, हे पोरांना कळेल. एवढं थरारक साहस कुठल्याच पॅकेजात बसत नाही.