विषय : गुलाबाचे फूल पोचल्याबाबत

प्रति,
मा. मनुष्यबळ व्यवस्थापक साहेब
(नाव मुद्दाम लिहीत नाही. उगाच एकट्याचाच मान व्हायचा.)

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, ८ मार्च रोजी महिला दिनानिमित्त आपण माझ्या भाचीस दिलेले गुलाबाचे फूल पोचले. केकही बरा होता म्हणाली. दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावून 'आता घराकडे लक्ष द्या, राजीनामा टाका, अनुभवाचं पत्र छान लिहून देतो' असा जो आशीर्वाद दिलात, तोही पोचला. तिला पाचवा महिना आहे.

मी निवृत्त कारकून. ३१ वर्षे पगारपत्रके केली. त्यामुळे आपल्या कल्पकतेचे कौतुक वाटले आणि जरा वाईटही वाटले, कारण आपली एकही युक्ती नवी नाही. १९६१चा मातृत्व लाभ कायदा वाचताना मला नेहमी वाटायचे की, हा वकिलाने नव्हे, एखाद्या खवट हेडक्लार्कने लिहिला असावा. त्याच्या एकेका कलमाखाली कुठल्या ना कुठल्या साहेबाची युक्ती पुरलेली आहे.

आपण म्हणालात, ती अजून प्रोबेशनवर आहे. साहेब, कायदा प्रोबेशन विचारत नाही, दिवस मोजतो. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेले असले की पुरे. तिच्या नोकरीचे सात महिने भरलेत. दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या रोजंदार बायकांनाही हा लाभ द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले. त्या मातीकाम करत होत्या. आमची तर आपल्याच एसीत बसते.

मग आपल्याला सुचले, रजेवर जाण्याआधीच काढून टाकावे. हेही हेडक्लार्कला आधी सुचले होते. गरोदरपणात केव्हाही काढले, तरी एरवी मिळाला असता तो लाभ द्यावाच लागतो. गंभीर गैरवर्तनाचा अपवाद आहे खरा, पण गरोदर राहणे त्यात मोडते असे अजून कुणी ठरवलेले नाही. आपण ठरवलेत तर कळवावे.

'पगार परत रुजू झाल्यावर एकदम देऊ' हे वाक्य मात्र मला फार आवडले. किराणावाल्यालाही असेच सांगता का? प्रसूतीआधीच्या रजेचा पैसा आगाऊ द्यायचा असतो आणि उरलेला, बाळंत झाल्याचा दाखला दिल्यापासून ४८ तासांत. हिशेब आधीच्या तीन महिन्यांच्या सरासरी रोजावर. पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवडे, त्यातले फार तर ८ प्रसूतीआधी. दोन मुले हयात असतील तर पुढच्या वेळी १२. कर्मचारी राज्य विम्यात (ई.एस.आय.) असती तर हे पैसे विमा महामंडळाने दिले असते. तिचा महिन्याचा पगार तिथल्या २१,०००च्या मर्यादेच्या वर, म्हणून आपल्याला द्यावे लागतात. हे २६ आले २०१७च्या दुरुस्तीने. आता १९६१च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता : पाटी बदलली, २६ मात्र तेच.

इथे आपली बाजूही घेते. सहा महिन्यांचा पगार एकट्या मालकाच्या खिशातून जावा, ही रचना लहान धंद्याला जड जाते, आणि त्यापायी काही मालक तरुण मुलींना नोकरीच देत नाहीत. पण हे रडगाणेही जुनेच. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात डॉ. आंबेडकर याच प्रश्नावर बोलले होते : ओझे बऱ्याच अंशी सरकारने उचलावे, पण बाईच्या श्रमाचा फायदा मालकाला होतो, तेव्हा त्यानेही वाटा द्यावा. पुढच्या वर्षी मुंबई प्रांताचा कायदा झाला. आपल्याला सरकारकडे वाटा मागायचा असेल तर जरूर मागा, मी सही करते. भाचीकडे राजीनामा कशाला मागता?

पाळणाघराचा विषय निघाला तेव्हा आपण हसलात म्हणे. ५० कर्मचारी झाले की ते लागते, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येते. आपल्या हजेरीपटावर ४९ आहेत. डबे मात्र रोज साठेक येतात. बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत दूध पाजायला दोन जादा सुट्ट्या द्यायच्या असतात, त्याने 'कामाची लय बिघडते' हेही ऐकले. खालच्या टपरीवर चहा-सिगारेटला आपण दिवसातून किती वेळा उतरता, हे वॉचमनला तोंडपाठ आहे. लय टिकून आहे ना?

नेमणुकीच्या वेळीच या हक्कांची माहिती प्रत्येक बाईला लेखी द्यायची, असे २०१७ पासून बंधन आहे. तिचे नेमणूकपत्र मी वाचले. चौदा पाने. लॅपटॉपचा चार्जर हरवल्यास किती रक्कम कापणार, ते आहे.

एक गोष्ट उपरोधाशिवाय लिहिते. माझा एकदा तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाला. त्यानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा तेव्हाही कायद्यात होती. मी पगारपत्रके करत होते आणि मलाच ते ठाऊक नव्हते. साहेबांनी चार दिवस किरकोळ रजा मांडली, वर 'सांभाळून राहा' म्हणाले. मी त्यांचे आभार मानले. पाचव्या दिवशी उभ्यानेच रजिस्टर भरत होते, कारण बसवत नव्हते.

म्हणून भाचीला तो कायदा मी वाचून दाखवला, पानन् पान.

आपली कृपाभिलाषी,
एक निवृत्त कारकून

ता. क. : रजेचा अर्ज घेऊन पोच द्यायला आपल्या कचेरीने नकार दिला, म्हणून तो स्पीड पोस्टाने पाठवला आहे. पावतीवरची शाई उडते, हे अनुभवाने माहीत असल्याने तिची झेरॉक्स काढून ठेवली आहे. तीन प्रतींत.