गोल किती केले, म्हणे!

अहो, ऐकलंत का? काल भिशीला मागच्या गल्लीतल्या त्या रिटायर्ड बँकवाल्या बाई काय बोलल्या ते? नाही ना? या, जरा अशा कढीपत्त्याच्या आडोशाला या. आमच्या ह्यांचे कान फार तिखट आहेत, फुटबॉल म्हटलं की टीव्हीचा आवाज बारीक करून ऐकतात.

विषय निघाला आशालताचा. आपली लोइतोंगबाम आशालता देवी हो, इंफाळची. नाव ऐकल्याबरोबर आमच्या सासूबाई खूष! त्यांना वाटलं, 'मत्स्यगंधा' नाटकातली आशालता. "काय गळा होता हो तिचा," म्हणून त्यांनी डोळेच मिटले. कुणी हसावं, कुणी गप्प बसावं... मीच मग हळूच म्हटलं, आई, ही दुसरी, ही फुटबॉल खेळते. डोळे उघडून म्हणतात कशा, "साडी नेसून?" जाऊ दे.

तर काय सांगत होते, मी आपलं कौतुकानं म्हटलं की भारताकडून शंभर मॅचेस खेळलेली ही पहिली बाई. तर या बँकवाल्या चहात खारी बुडवत विचारतात, "शंभर? अन् गोल किती केले?"

आता बोला! अहो, ती बॅकला खेळते, अगदी मधोमध. गोल करणं तिचं कामच नव्हे, समोरचीला करू द्यायचा नाही हे तिचं काम. पंगतीत जिलबी वाढणारीचं नाव होतं, आणि आत कढई करपू नये म्हणून उभी असलेली कोण ते हात धुवून निघाल्यावरही कुणाला माहीत नसतं, त्यातली गत. करपली, तर मात्र बरोब्बर तिचंच नाव निघतं! पण हे मी तिथं बोलले नाही हं. भिशीचा नंबर त्यांच्याच हातात आहे, उगाच कशाला.

पण मला सांगा, 2019 साल लोक विसरले कसे? मार्चमध्ये बिराटनगरला सॅफचा, म्हणजे दक्षिण आशियाचा कप. नेपाळच्या घरात जाऊन नेपाळला 3-1 हरवलं, लागोपाठ पाचव्यांदा कप आपला, आणि कप्तान कोण, तर हीच. कोच होती मेमॉल रॉकी, गोव्याची. तेव्हा आमच्या वरच्या मजल्यावरच्या फोंड्याच्या वहिनी जिना चढता-उतरता "आमची मेमॉल, आमची मेमॉल" करत होत्या. फुटबॉल पाहिला नसेल जन्मात, पण गोव्याचं म्हटलं की झालं! मग एप्रिलमध्ये मंडालेला ऑलिंपिकची क्वालिफायर. म्यानमारशी 3-3. बरोबरी होऊनही घरी, कारण गोलफरकात ते पुढे. त्या रात्री आमचे हे जेवले नाहीत. म्हणजे, वरणभात जेवले, पण श्रीखंड तसंच ठेवलं, यावरून ओळखा. पुढं मे महिन्यात लुधियानाला मदुराईच्या सेतू एफसीकडून खेळून इंडियन विमेन्स लीग जिंकली. त्या मोसमाची देशातली सर्वोत्तम महिला खेळाडूही तीच. आणि वर्षाच्या शेवटी आशिया खंडातली सर्वोत्तम कोण, त्याच्या शेवटच्या तीन नावांत आपल्या आशालताचं नाव! बाकीच्या दोघी कोण, तर चीनची ली यिंग आणि जपानची साकी कुमागाई. वर्ल्ड कप जिंकलेली हो ती कुमागाई. अर्थात बक्षीस तिलाच गेलं. जाणारच. पण त्या दोघींच्या शेजारी इंफाळच्या मुलीचा फोटो... मी तो ह्यांच्या मोबाइलवर मोठा करकरून पाहिला.

आता मुख्य गोष्ट. जरा जवळ या.

2022 चा आशियाई कप. कुठं झाला? अहो, इथंच, आपल्या नेरूळला, डी. वाय. पाटीलमध्ये! थोड्या मॅचेस अंधेरीला, थोड्या पुण्याला बालेवाडीत. आपल्या टेरेसवरून स्टेडियमचे दिवे दिसायचे, आठवतंय ना? आणि आत सोडतील तर शपथ. कोविड! प्रेक्षकांना बंदी, खेळाडू त्या बबलमध्ये. हाकेच्या अंतरावर मॅच, आणि आपण घरात टीव्हीसमोर.

20 जानेवारीला पहिली मॅच इराणशी. इराण पहिल्यांदाच या कपात आलेलं, त्यामुळं आपलीच मंडळी जिंकणार असं सगळ्यांनी धरलेलं. ग्रेस डांगमेईनं काय काय केलं, पण इराणची ती गोलकीपर बाई, भिंतच! संपली 0-0 वर. झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी वॉकला जो तो तोंड पाडून. "काय हो, घरच्या मैदानावर एक गोल नाही?" दूधवाल्यानंही ऐकवलं. आपल्यावरही एकही गोल झाला नाही, हे एकाच्याही तोंडून आलं नाही बघा. आशालता कप्तान होती आणि मागची फळी तिच्या आवाजावर हलत होती. टीव्हीवर तिचा आवाज यायचा. रिकाम्या स्टेडियमचा तेवढाच फायदा.

मग आली 23 तारीख, चिनी तैपेईशी मॅच. आपल्या दोघी तर आधीच पॉझिटिव्ह निघालेल्या. मी इकडं साबुदाणावडे तळून ठेवलेले, ह्यांनी सोफा सरकवून जागा केलेली. आणि बातमी काय येते? आणखी पॉझिटिव्ह! मिळून बाराजणी! नियम असा की निदान तेरा खेळाडू उभ्या करता आल्या पाहिजेत. नाही आल्या. मॅच रद्द. रद्द म्हणजे पुढं ढकलली नव्हे हं, स्पर्धेतूनच माघार घेतली असं धरलं. आणि ती इराणशी 0-0 झालेली मॅच? तीही पुसून टाकली. झालीच नाही, असं समजायचं! वर्ल्ड कपची वाट त्याच कपातून जात होती हो. वर्ल्ड कपची! कुणी हॉटेलकडं बोट दाखवलं, कुणी बबलकडं, कुणी टेस्ट कधी केल्या नि रिपोर्ट कधी आले त्याच्याकडं. ह्यांचा चेहरा तर असा उतरला की मी वडे फ्रीजमध्ये टाकले. पुढं फायनलला चीननं कोरियाला 3-2 हरवलं, तेही इथंच. आम्ही टेरेसवरून दिवे बघितले.

पण तिची हिंमत बघा. मेमध्ये भुवनेश्वरला लीगची शेवटची मॅच. आता ही कोझिकोडच्या गोकुलम केरलाकडून, आणि समोर कोण? सेतू! जुनं घर! आधी सेतूनंच गोल केला, गोकुलमवाल्यांचे चेहरे एवढेएवढे झाले. मग पेनल्टी मिळाली आणि चेंडू घेऊन पुढं कोण आलं, तर आशालता. मारली ना! तिथून 3-1 झालं, लीग खिशात. बँकवाल्या बाईंना हा गोल सांगायला हवा होता, पण तोवर त्यांनी भिशीच्या चिठ्ठ्या काढायला घेतल्या.

अन् ऑगस्टमध्ये पुन्हा तेच नशीब. गोकुलमच्या मुली आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या, आणि इकडं फिफानं भारतावर बंदी घातली! कारण काय, तर आपल्या फुटबॉल फेडरेशनचा कारभार. आपल्या गोंदियाचे प्रफुल्लभाई पटेल तेव्हा अध्यक्ष होते ना, त्यांची मुदत संपली तरी निवडणुका होईनात, म्हणून सुप्रीम कोर्टानं मे महिन्यात समिती नेमली. फिफा म्हणालं, बाहेरच्यांनी ढवळाढवळ करायची नाही. आता या दोघांच्या भांडणात त्या पोरींचा काय संबंध? परदेशात हॉटेलात बसून राहिल्या. क्लबनं पंतप्रधानांना पत्रबित्र लिहिलं. बंदी उठली 26 ऑगस्टला, पण तोवर स्पर्धेतली त्यांची जागा गेलेली. दोनदा झालं बघा एका वर्षात. हरली असती तर रडता तरी आलं असतं. खेळूच दिलं नाही, त्याला काय करायचं? ह्यांना विचारलं तर म्हणाले, "तू फार मनाला लावून घेतेस." स्वतः श्रीखंड सोडलेला माणूस!

बरं, शंभरावी मॅच. ती तरी सुखानं व्हावी की नाही? 17 ऑक्टोबर 2024, काठमांडू, पुन्हा सॅफचाच कप, समोर पाकिस्तान. आपण जिंकलो 5-2. छानच की. पण त्याच दिवशी बाला देवीचा पन्नासावा गोल झाला! तीही मणिपूरचीच, तिचंही कौतुक व्हायलाच हवं, माझं काही म्हणणं नाही... पण आमच्या पेपरात गोलवालीचं आधी आणि आशालताचं खाली दोन ओळींत. आणि शंभराव्या मॅचलाच आपल्यावर दोन गोल व्हावेत? कुठल्याही बॅकला विचारा, तिला ते पाचपेक्षा दोनच जास्त टोचले असणार. हे माझं आपलं मत हं, तिनं काही मला फोन करून सांगितलं नाही.

आणि त्याच स्पर्धेची सेमीफायनल, नेपाळशी... अहो, काय तमाशा! संगीता बसफोरनं गोल केला, आपल्या मुली आनंदात, तेवढ्यात नेपाळनं पटकन खेळ सुरू करून चेंडू जाळीत. रेफरी म्हणाली, धरणार नाही. झालं! भांडण, ओरडा, मॅच तासाभरापेक्षा जास्त बंद. मी मधल्या वेळात दोन शिट्ट्यांचा कुकर लावून, भाजी फोडणीला टाकून आले, तरी तिथंच! मग खेळ सुरू झाला आणि नेपाळच्या सावित्रा भंडारीनं बरोबरी केली. पेनल्ट्यांवर आपण हरलो. इतका वेळ गार पडलेल्या पायांनी परत उभं राहून बचाव करायचा म्हणजे काय असतं, हे सोफ्यावरच्यांना नाही कळायचं.

हो, आणि ते चियांग माईचं राहिलंच! 2025 चा जुलै. थायलंडला त्यांच्याच घरी 2-1 हरवून आपण आशियाई कपात गेलो, मैदानावर खेळून कमावलेली जागा, यजमान म्हणून मिळालेली नव्हे. दोन्ही गोल संगीताचे. आमचे हे सोफ्यावर उभे राहून "संगीता! संगीता!" शेजारच्या बाल्कनीतून विचारलं गेलं, काय झालं म्हणून. मी म्हटलं, कप्तान कोण होती सांगा बरं? हे गप्प. मोबाइल चाचपायला लागले. मी म्हटलं, मोबाइल खाली ठेवा. स्वीटी देवी! तीही मणिपूरची, आणि तीही बॅकच, आशालताच्या शेजारी उभी राहून कितीतरी मॅचेस काढलेली. तर हे म्हणतात कसे, "हो हो, स्वीटी, माहीत होतं मला." माहीत होतं म्हणे! कान बघायचे होते तुम्ही त्यांचे, नुसते लाल.