नर्सिंग कॉलेज कसं काढावं?

कोणता धंदा करावा, असं आम्हाला हल्ली बरेच जण विचारतात. वडापावच्या गाडीला अतिक्रमणवाल्यांचा ताप, शेतीला पावसाचा. आमचं उत्तर ठरलेलं आहे : नर्सिंग कॉलेज काढा. अभ्यासदौऱ्यासाठी परदेशी जायला नको, नर्सिंग कॉलेजांच्या घोटाळ्याने गाजलेला मध्य प्रदेश शेजारीच आहे.

पहिला प्रश्न जागेचा. नियम सांगतो, प्रयोगशाळा हवी, वाचनालय हवं, १०० खाटांचं रुग्णालय हवं. नियमाला सांगू द्यावं. तिकडे काही कॉलेजं चार खोल्यांत चालली, काही नुसती कागदावर. कागदावरच्या इमारतीला वीजबिल येत नाही आणि पावसाळ्यात ती गळतही नाही.

दुसरा प्रश्न शिक्षकांचा. तिकडे एकच ट्यूटर एकाच वेळी अनेक कॉलेजांच्या हजेरीपटावर सापडली. यात नवल ते काय? रात्रपाळीला तीस-चाळीस पेशंटमागे एक सिस्टर, ही तर आपली जुनी पद्धत. तीच शिक्षकांना लावली, इतकंच.

तिसरा आणि खरा प्रश्न तपासणीचा. कायद्याच्या विद्यार्थ्यांची एक संघटना जनहित याचिका घेऊन तिथल्या उच्च न्यायालयात गेली आणि कॉलेजांमागे सीबीआय लागली. ३०८ कॉलेजांचा निकाल लागला : १६९ पास, ७३ मध्ये त्रुटी, ६६ नापास. पास झालेल्यांनी पेढे वाटेपर्यंत मे २०२४ उजाडला आणि सीबीआयने आपल्याच एका निरीक्षकाला १० लाखांची लाच घेतल्याच्या आरोपाखाली पकडलं. चांगल्या शेऱ्याचा भाव ठरलेला होता, असं सीबीआयचंच म्हणणं. मग त्या १६९ पास कॉलेजांची फेरतपासणी निघाली, या खेपेस न्यायदंडाधिकारी सोबत घेऊन. म्हणजे कॉलेजवर परिचर्या परिषद, परिषदेच्या कामावर सीबीआय, सीबीआयवर सीबीआय आणि सगळ्यांवर न्यायालय. इतकी देखरेख एखाद्या पेशंटच्या वाट्याला आली असती, तर तो तिसऱ्या दिवशी चालत घरी गेला असता.

या सगळ्यात पोरींचं काय झालं? कित्येकींची पहिल्या वर्षाचीच परीक्षा तीन-तीन वर्षं रखडली. फीची मुदत रखडल्याचं मात्र ऐकिवात नाही.

तरीही आपल्याकडे शिस्त नाही, असं कुणी म्हणू नये. शिस्त आहे, फक्त ती पास झाल्यावर सुरू होते. राज्याच्या परिचर्या परिषदेत नाव नोंदवलं की सिस्टरला दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्यासाठी १५० तासांचं निरंतर शिक्षण, हा भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक. ड्युटी सांभाळून कार्यशाळा गाठायच्या, सर्टिफिकेटं फाइलला लावायची आणि एखादं कमी भरलं की खिडकीवरून माघारी फिरायचं. इंजेक्शन चुकलं तर मेमो, मग चौकशी, प्रकरण फारच वाढलं तर नोंदणीतून नाव कमी. जिला कॉलेजने कधी भरलेला वॉर्ड दाखवला नाही, तिने पेशंटला बेडसोर का झाला, याचा लेखी खुलासा द्यायचा. कॉलेजला वॉर्ड का नव्हता, याचा खुलासा मागायला मात्र उच्च न्यायालय लागतं.

२०२३ मध्ये संसदेने १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा नवा कायदा केला. त्यात शिक्षणाला एक मंडळ, मूल्यांकनाला दुसरं, नीतिमत्ता आणि नोंदणीला तिसरं. संस्थाचालकांनी घाबरून जाऊ नये. मंडळं तीन झाली तर काजूच्या बश्याही तीन ठेवाव्यात.

पालकांना मात्र आमची एकच विनंती. मुलीची फी भरण्याआधी कॉलेजने दाखवलेल्या रुग्णालयात एकदा न कळवता जाऊन या आणि खाटा स्वतः मोजा. ज्यांच्यावर पेशंट आहे, तेवढ्याच धरा.