रुग्णालयसमीप-निवासशास्त्र : प्रास्ताविक विवेचन

कोणत्याही शास्त्राच्या आरंभी त्याचे अनुबंधचतुष्टय सांगण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत शास्त्राचा अधिकारी म्हणजे पदव्युत्तर प्रवेश नुकताच मिळालेला निवासी डॉक्टर, ज्यास व्यवहारात ‘जेआर-वन’ म्हणतात. विषय म्हणजे रुग्णालयानजीकची भाड्याची खोली. प्रयोजन निद्रा. अधिकारी आणि प्रयोजन यांतील संबंध मात्र नित्य नसून कादाचित्क आहे, आणि तो बहुधा रविवारी दुपारी आढळतो.

विवेचनाचे क्षेत्र आम्ही मुंबईतील परळपुरते मर्यादित केले आहे. १९२६ साली सुरू झालेले केईएम, १९४१चे टाटा मेमोरियल आणि वाडियांची दोन रुग्णालये येथे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर उभी आहेत. परिणामी रुग्णशय्यांची इतकी घनता आणि रिकाम्या खोल्यांची इतकी विरलता एकाच परिसरात अन्यत्र क्वचितच दिसावी. त्यात टाटामध्ये उपचारांसाठी दूरदूरच्या राज्यांतून आलेल्यांचे नातेवाईक याच गल्ल्यांतून महिन्या-दोन महिन्यांपुरती खोली शोधत असतात. या स्पर्धेत निवासी डॉक्टराने निमूटपणे मागे सरावे असे आमचे मत आहे. या मुद्द्यावर आम्हांस शास्त्रार्थ करावयाचा नाही.

वसतिगृहाचा अभाव व त्याचे प्रकार

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३च्या पदव्युत्तर शिक्षण विनियमांनुसार निवासी डॉक्टरांना यथोचित निवासव्यवस्था देणे महाविद्यालयांस बंधनकारक आहे; विद्यार्थ्याने वसतिगृहात राहणे मात्र बंधनकारक नाही. अर्थात नियमाच्या पातळीवर खोली निश्चित असून तीत राहणारा ऐच्छिक आहे. लौकिक अनुभव याच्या नेमका विपरीत असल्याने प्रथम अभावाचा विचार प्राप्त होतो. नैयायिकांनी अभावाचे चार प्रकार मानले आहेत आणि वसतिगृहाच्या खोलीस ते चारही लागू पडतात.

१. प्रागभाव : खोली अद्याप उत्पन्न झालेली नाही. नव्या इमारतीचा फलक लागला आहे. फलकावरील इमारतीच्या चित्रात झाडे आहेत.

२. प्रध्वंसाभाव : खोली होती. गेल्या पावसाळ्यात छताचे प्लास्टर कॉटवर आले. निवासी त्या वेळी इमर्जन्सीत असल्याने बचावला, ही गोष्ट पुढे इमर्जन्सीच्या समर्थनार्थ सांगितली जाते.

३. अन्योन्याभाव : खोली आहे, परंतु ती खोली नव्हे. ते स्टोअर आहे. किल्ली ज्याच्याकडे असते तो रजेवर असतो.

४. अत्यंताभाव : प्रवेशप्रक्रियेच्या अखेरच्या, अर्थात स्ट्रे व्हेकन्सी राउंडमधून आलेल्या विद्यार्थ्याचा. त्यास भूत, वर्तमान व भविष्य या तिन्ही काळांत खोली नाही.

दोन कॉटांच्या खोलीत चौघे नेमण्याची जी रीत सर्वत्र आढळते, ती अडचणीची नसून अनुभवसिद्ध आहे. चौघे एकाच रात्री निजावयास आले, असा योग कोणत्याही वसतिगृहाच्या स्मरणात नाही. केंद्र सरकारच्या १९९२च्या निवासी योजनेत सलग काम साधारणतः १२ तासांहून व आठवड्यास ४८ तासांहून अधिक नसावे असे म्हटले आहे. ते वचन अक्षरशः पाळले गेल्यास कॉटांची संख्या तत्काळ दुप्पट करावी लागेल. हा आर्थिक भार लक्षात घेता ते न पाळण्यामागील दूरदृष्टी ध्यानी येते.

सामीप्याचे लक्षण

शास्त्राचा हा गाभा आहे आणि पूर्वसूरींनी तो सर्वाधिक बिघडवला आहे.

पहिले लक्षण एजंटांचे : ‘पाच मिनिटं वॉकिंग.’ हे अतिव्याप्तिदोषाने ग्रस्त आहे, कारण त्यात भोईवाड्यासह शिवडी व काळाचौकी येतात, आणि एका प्रकरणात वडाळाही आला. दुसरे लक्षणही त्यांचेच : “डॉक्टर, गेटला टच आहे. खाली उतरलं की हॉस्पिटल.” येथे कोणते गेट ते अनुक्त राहते. शिवाय गेटपासून वॉर्डापर्यंतचे अंतर, तसेच लिफ्टसमोर स्ट्रेचर, नातेवाईक व जेवणाची ट्रॉली यांच्या मागे उभे राहण्याचा काळ कोणत्याही एजंटाने आजवर गणनेत धरलेला नाही.

काही विद्वानांनी अंतर सोडून काळाचे माप स्वीकारले. त्यांनाही यश आले नाही. कारण परळमध्ये काळ ऋतुसापेक्ष आहे. जुलैत भरती आणि मुसळधार पाऊस यांचा संयोग झाला की हिंदमाता जलमय होते व दादरहून येणाऱ्या निवाशाचे घर सहा महिन्यांपूर्वी होते तेथेच असूनही दूर जाते. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत लालबागचे घर याहून विचित्र वर्तन करते : रुग्णालयाकडे जाताना ते समीप असते, परतताना दर्शनाच्या रांगेमुळे दुष्प्राप्य. त्याच दोन बिंदूंतील अंतर दिशेनुसार भिन्न असावे, हे भूमितीस मान्य नाही. ही त्रुटी भूमितीची आहे.

या सर्वांचा परामर्श घेऊन आम्ही पुढील लक्षण सिद्ध केले आहे : रात्री फोन वाजल्यापासून निवासी वॉर्डात पोचेपर्यंतच्या अवधीत सीनियरने दुसऱ्यांदा फोन न केल्यास ते घर समीप होय. सीनियरने ‘कुठे पोचलास?’ असे विचारल्यास व निवाशाने बादलीत पाणी सोडत असताना ‘लिफ्टजवळ आहे, सर’ असे उत्तर दिल्यास ते घर मध्यम होय. तिसऱ्या फोननंतर घराचा विचार करण्याचे कारण उरत नाही.

तथापि समीप घर इष्ट की अनिष्ट, या प्रश्नावर परंपरेत तीव्र मतभेद आहेत.

निकटवादी, ज्यांना भोईवाडा संप्रदायही म्हणतात, पोस्ट-इमर्जन्सी निवाशास गादी आणि वॉर्ड यांत एका सिग्नलहून अधिक काही नसावे असे मानतात. त्यांच्या मते छत्तीस तासांनंतर रस्ता ओलांडणे हीच मोठी शस्त्रक्रिया आहे.

दूरत्ववादी, अर्थात दादर संप्रदाय, यास हरकत घेतात. त्यांचा युक्तिवाद असा : जो जवळ राहतो तो सर्वांचा असतो. त्याची इमर्जन्सी नसतानाही ‘तू इथेच आहेस ना, दोन मिनिटं ये आणि सेंट्रल लाइन टाकून जा’ असा फोन येतो. युनिटच्या सर्व सह-निवाशांचे चार्जर, अॅप्रन, भिजलेले मोजे आणि लातूरहून आलेले शेंगदाण्याचे लाडू त्याच्याच खोलीत साठतात. त्याच्या गादीवर इतर निजतात आणि तो वॉर्डात असतो. सबब घर एक स्टेशन दूर असावे. उत्तरेस ट्रेन आहे आणि ट्रेनमध्ये फोनला रेंज नसण्याचे सबळ कारण आहे.

आमचा कल दादर संप्रदायाकडे आहे, हे लपविण्यात अर्थ नाही. मात्र त्याच्या अनुयायांपैकी बरेच जण दुसऱ्या सहामाहीत निकटवादी होतात, याची नोंद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. तिसरा, शून्यदूरत्ववादी संप्रदाय वॉर्डाच्या साइडरूममध्येच राहतो. तो भाडे भोईवाड्यास भरतो व अंघोळ पेशंटांच्या बाथरूममध्ये उरकतो. त्याचे स्वतंत्र वाङ्मय नाही, कारण त्यास लिहिण्यास वेळ झालेला नाही.

घरपाहणीतील प्रमाणविचार

घर पाहणे हे ज्ञानकर्म आहे, म्हणून प्रमाणांचा विचार अपरिहार्य ठरतो. निवासी रुजू झालेला असल्याने प्रत्यक्ष प्रमाण त्यास उपलब्ध नसते. ते आई-वडिलांकडे जाते. व्हिडिओ कॉलवर दाखविलेली खोली उपमान प्रमाणात मोडते. त्यात खोली नेहमी मोठी आणि वडिलांचा अंगठा त्याहून मोठा दिसतो.

अनुमान मात्र या शास्त्रात विशेष वैभवास पोचले आहे. परळमधील एका वन-आरकेत नोंदविलेला पंचावयवी न्याय येथे संपूर्ण देतो.

प्रतिज्ञा : या भिंतीत ओल आहे.
हेतू : कारण तीवर गुडघ्याच्या उंचीला दिनदर्शिका टांगली आहे.
उदाहरण : जेथे जेथे गुडघ्याशी दिनदर्शिका, तेथे तेथे ओल; जशी सकाळी पाहिलेली खोली.
उपनय : ही दिनदर्शिकाही गुडघ्याशीच आहे, शिवाय गेल्या वर्षाची आहे.
निगमन : म्हणून भिंतीत ओल आहे.

निगमन उच्चारले जाताच आईने दिनदर्शिकेचा ऑगस्ट महिना दोन बोटांनी उचलला. त्यामागे हिरवट काळा, कडेला पोपडे सुटलेला, आकाराने साधारणतः विदर्भासारखा डाग होता. त्याच क्षणी एजंटाने पंखा लावला आणि “व्हेंटिलेशन बघा,” असे म्हटले. या घरात पूर्वी लहान मूल असावे व दिनदर्शिका त्याच्या सोयीसाठी खाली लावली असावी, असा आक्षेप काहींनी घेतला आहे. तो ग्राह्य नाही. लहान मुलास तिथी लागत नाही.

शब्दप्रमाणासाठी वक्ता आप्त असावा लागतो, आणि आप्तत्वाची पहिली अट निरिच्छता ही होय. एक महिन्याची दलाली ज्यास दोन्हीकडून मिळावयाची आहे, तो या कक्षेतून आपोआप बाहेर पडतो. आमच्या अनुभवात इमारतीखालचा इस्त्रीवाला हाच एकमेव आप्त होय.

“दादा, पाण्याचं कसं आहे इथं?”

“सहाला येतं, सातला जातं.”

“एजंट तर चोवीस तास म्हणाला.”

“नळ चोवीस तास आहे, वहिनी.”

येथे माता लातूरची असल्याने तिच्या अभिप्रायास विशेष प्रामाण्य द्यावे. ज्या शहरास २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी पोचवावे लागले, तेथील गृहिणीने नळ उघडून धारेचा आवाज ऐकणे ही तपासणी नसून निदान असते. सहा ते सात हा अवधी जेआर-वन वॉर्डात रक्ताचे नमुने गोळा करण्यात व्यतीत करतो, हे समजल्यावर तिने तत्काळ मोठे पिंप घेण्याचा निर्णय दिला. पिंप कोण भरणार, हा प्रश्न मात्र तिने अनुत्तरित ठेवला.

सोसायटीच्या दारी सांकर्यदोष

सेक्रेटरीच्या ठायी दोन सामान्यांचा संघर्ष होतो. डॉक्टरत्व पूज्य आहे आणि अविवाहितत्व निषिद्ध. दोन्ही एकाच व्यक्तीत एकत्र आल्याने तिचे वर्गीकरण अशक्य होते. यावरील तोडगा विषयभेदाने ठरतो. मेडिसिनचा निवासी असल्यास सेक्रेटरी शर्टाची बाही वर करतात. ऑर्थोचा असल्यास त्यांच्या मातोश्रींचे गुडघे चर्चेत येतात आणि ना-हरकत त्याच बैठकीत मिळते. पॅथॉलॉजी म्हटल्यावर “म्हणजे डॉक्टरच ना?” असे विचारले जाते. न्यायवैद्यकाच्या निवाशाने आपला विषय ‘मेडिसिनमध्येच’ आहे असे सांगावे. ते असत्य नाही.

‘रात्री उशिरा येणे-जाणे चालणार नाही,’ या अटीवर कोणीही सही करतो. निवासी रात्री येतही नाही.

अकरा महिन्यांचे गणित

लीव्ह-लायसन्सचा करार अकरा महिन्यांचाच का, याविषयी जनमानसात अशी समजूत आहे की वर्षाहून कमी मुदतीस नोंदणी लागत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९च्या कलम ५५ने प्रत्येक करार नोंदणीकृत असणे आवश्यक केले असून ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. तरीही अकरा हा आकडा टिकून आहे. प्रयोजन संपल्यावरही विधी चालू राहतो, हे धर्मशास्त्राच्या अभ्यासकांस नवीन नाही.

त्याचा परिणाम मात्र गंभीर आहे. निवासीपद छत्तीस महिन्यांचे. अकराचे तीन करार मिळून तेहतीस महिने होतात आणि तीन महिने उरतात. म्हणजे अंतिम परीक्षेचा अभ्यास ज्या काळात शिगेस पोचतो, नेमक्या त्याच काळात घरमालक भाडेवाढ, नवे रंगकाम आणि आपल्या भाच्याचा संभाव्य विवाह हे तीन विषय उपस्थित करतो. कलम २४नुसार मुदतीनंतर खोली न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. बहुतेक निवासी भाच्याच्या विवाहास शुभेच्छा देऊन वाढीव भाडे मान्य करतात.

उत्तराधिकार

शहाण्या निवाशास वरीलपैकी काहीही करावे लागत नाही, कारण परळमधील उत्तम खोल्या बाजारात येतच नाहीत. त्या उत्तीर्ण होणाऱ्या सीनियरकडून त्याच युनिटच्या ज्युनियरकडे जातात. ही परंपरा मौखिक असली तरी हस्तांतराची यादी लेखी असते, बहुधा एखाद्या औषध कंपनीच्या पॅडवर. आमच्या पाहण्यातील एक यादी पुढीलप्रमाणे : गाद्या तीन, पैकी एक मधोमध खोल. इंडक्शन शेगडी एक. पिंप एक, भरलेले. बादल्या दोन, मग एक. हॅरिसन, भाग दुसरा. भाग पहिला शेजारच्या इमारतीत आहे, मागू नये. डिपॉझिट मालकाकडून न घेता परस्पर सीनियरला जीपे करावे. वाय-फायचा पासवर्ड म्हणजे आधीच्या आधीच्या सीनियरच्या त्या वेळच्या मैत्रिणीचे नाव आणि तीन शून्ये. ती आता त्याच मजल्यावर सर्जरीची लेक्चरर आहे, तेव्हा पासवर्ड मोठ्याने सांगू नये.