सोडली एकदाची!

आंदर मावळात राजीनाम्याचे तीन हंगाम असतात. पहिला चैत्रात: गावची यात्रा, घाटात बैलगाडे, आणि सुपरवायझर सुट्टी देत नाही. दुसरा आषाढात: भाताची आवणी, घरात माणूस कमी, आणि सुपरवायझर सुट्टी देत नाही. तिसरा दिवाळीनंतर. तेव्हा सुट्टी मिळालेली असते, वर बोनसही खात्यात पडलेला असतो. त्या चार दिवसांत माणसाला साक्षात्कार होतो की आपण कंपनीच्या जिवावर नाही, कंपनीच आपल्या जिवावर चालते.

कान्हे फाट्यावरून आत वळावं, टाकवे बुद्रुकचे कारखाने मागे टाकून वडेश्वर-खांडीकडे निघावं, आणि भर कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता टपरीवर कुणी निवांत बसलेला दिसला, तर ‘आज सेकंड शिफ्ट का?’ असं चुकूनही विचारू नये. तो म्हणणार, ‘सोडली.’ एवढ्यावर थांबणार नाही. सुपरवायझर काय बोलला, मग हा काय बोलला, मग सगळी लाइन कशी गप्प झाली, हे साग्रसंगीत ऐकावं लागतं. चहाचे पैसेही आपणच द्यायचे, कारण त्याचा ‘फुल अँड फायनल’ अजून निघालेला नसतो. राजीनामा दिल्यावर दोन कामकाजी दिवसांत मजुरीचा हिशोब चुकता करावा, असं नवी वेतन संहिता सांगते. साहेब गावाला गेलेत, असं ठेकेदार सांगतो.

‘मग पुढं काय रं?’

‘हाय ना, नाना. चाकणला. दोस्त हाय एचआरमधी. फिक्स झालंय.’

खरं तर या ‘फिक्स झालंय’वरून मावळाचा विश्वास एव्हाना उडायला हवा होता. तळेगावच्या जनरल मोटर्सचंच बघा. २००८ मध्ये कारखाना सुरू झाला. २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतात गाड्या विकणं थांबवलं, पण निर्यातीवर तळेगाव चालू होतं. जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालं की हा कारखाना चीनची ग्रेट वॉल मोटर्स घेणार. जूनमध्ये ग्रेट वॉलने राज्य सरकारशी सामंजस्य करारही केला. फोटो निघाले, हजारो कोटींचे आकडे छापून आले. आणि त्याच सुमारास गलवानमध्ये रक्त सांडलं. चिनी पैशाच्या परवानग्या दिल्लीत जाऊन बसल्या त्या बसल्याच. जनरल मोटर्सची आवराआवर मात्र ठरल्याप्रमाणे चालू राहिली. २४ डिसेंबर २०२० ला उत्पादन थांबलं. एप्रिल २०२१ मध्ये १,४१९ कामगारांना ले-ऑफच्या नोटिसा गेल्या. संघटना कोर्टात गेली. २०२२ च्या मध्यावर ग्रेट वॉलने नाद सोडला आणि कारखाना पुन्हा गिऱ्हाइकाची वाट बघत उभा राहिला. ह्युंदाईशी पक्का करार झाला तो ऑगस्ट २०२३ मध्ये.

हिशोब करा. जगभर कारखाने चालवलेली, वकील-सल्लागारांची फौज पदरी बाळगणारी कंपनी ‘फिक्स झालंय’ म्हणून दुकान आवरायला बसली आणि साडेतीन वर्षं अधांतरी लटकली. तिला परवडलं, तिचं घर तळेगावात नव्हतं. गृहकर्जाचा हप्ता तळेगावातल्या ज्यांना होता, त्यांना काय परवडलं ते त्यांना विचारा. आता तिथे ह्युंदाईच्या गाड्या बनतात. छानच. पण मधली वर्षं कुणी भरून दिल्याचं ऐकिवात नाही.

एवढ्यावर शिकलो नाही म्हणून दुसरा धडा आला. वेदांत-फॉक्सकॉनचा १ लाख ५४ हजार कोटींचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावला येणार, असं सगळे धरून चालले होते. आजूबाजूला गुंठ्याचे भाव आधीच येऊन बसले. १३ सप्टेंबर २०२२ ला करार झाला, गुजरातशी. आपल्याकडे रडारड झाली, आंदोलनं झाली, आरोप-प्रत्यारोप झाले. दहा महिन्यांनी फॉक्सकॉननेच वेदांताची संगत सोडली. म्हणजे ज्यांचं आपल्याशी फिक्स होतं त्यांचं तिकडे फिक्स झालं आणि शेवटी त्यांचं एकमेकांशीही फिक्स नव्हतं.

शिकलेल्यांना वाटतं, हे कामगारांचं झालं. आमच्याकडे ऑफर लेटर असतं, कंपनीच्या लेटरहेडवर. वडगाव-तळेगावातून रोज हिंजवडी गाठणाऱ्या मंडळींनी जुलै २०२५ आठवावा. ‘नाइट्स’ या पुण्यातल्या आयटी कर्मचारी संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली होती: टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने नेमणूकपत्रं दिलेल्या सहाशेहून अधिक अनुभवी लोकांची रुजू होण्याची तारीख पुढे ढकलली, आणि त्यांनी तर आधीच्या नोकऱ्या सोडलेल्या. कंपनीने सांगितलं, दिलेला शब्द पाळू, तारीख कामाच्या गरजेनुसार ठरेल. त्याच महिन्याच्या शेवटी त्याच कंपनीने बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. आता ही कंपनी देशात नोकरीच्या बाबतीत सरकारखालोखाल विश्वासाची मानली जाते. तुमचा चाकणचा दोस्त कितव्या नंबरला येतो?

एक गोष्ट मात्र सोडणाऱ्याला कुणी सांगत नाही. टपरीवर नाही, रीलवर तर नाहीच. नव्या-जुन्या कायद्यांत जी काही दयामाया आहे ती काढून टाकलेल्यासाठी आहे, निघून गेलेल्यासाठी नाही. वर्षभर भरलेल्या कामगाराची कपात केली तर कंपनीला दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई द्यावी लागते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. वर त्या संहितेत अशा कामगाराला नवं काम शिकता यावं म्हणून आणखी पंधरा दिवसांच्या पगाराएवढी रक्कम कंपनीने भरायची आहे. ईएसआय कापला जातो त्यांच्यासाठी २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे: नोकरी गेली तर सरासरी कमाईच्या निम्मे पैसे, नव्वद दिवसांपर्यंत. यातलं काहीही आपण होऊन सोडणाऱ्याला लागू नाही. त्याला टेबलावर हात आपटल्याचं समाधान मिळतं, आणि त्यावर टीडीएस कापत नाहीत.

ग्रॅच्युइटीचं तर आणखी चटका लावणारं. कायम कामगाराला पाच वर्षं भरावी लागतात. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५ हजार असेल, तर पाच वर्षांचे सुमारे ४३ हजार होतात. आणि आमचा पठ्ठ्या साडेचार वर्षं इमाने-इतबारे राबून कुठल्या तरी मंगळवारी कॅन्टीनच्या भाजीवरून भांडतो आणि गेटपास फेकून येतो. एवढी महाग भाजी तारांकित हॉटेलातही मिळत नाही.

राहता राहिला पीएफ. तो काढून दिवस ढकलू, असा प्रत्येकाचा बेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ठरवलं की बेकार झालेल्याला बराचसा पैसा लगेच काढता येईल, पण खातं पूर्ण रिकामं करायला दोन महिन्यांऐवजी बारा महिने थांबावं लागेल. यावर संताप झाला. मला विचाराल तर त्या मंडळात कुणीतरी आंदर मावळचा पाहुणा असावा. त्याला ठाऊक होतं, पूर्ण पैसा हातात आला की त्यातून आधी मोबाइल येतो.

हा सगळा कायदा कामगाराला ठाऊक नसतो, ठेकेदाराला मात्र तोंडपाठ असतो. म्हणूनच आपल्याकडे काढून टाकलेला माणूस कागदोपत्री सापडतच नाही. २४० दिवस भरत आले की ‘ब्रेक’ देतात. त्यापुढे टिकलेल्याला एक छापील कागद समोर ठेवतात: मी घरगुती अडचणीमुळे स्वखुशीने राजीनामा देत आहे. सही केली तर राहिलेला पगार आज, नाही केली तर बघू. काही ठिकाणी तर हा कागद कामावर घेतानाच सही करून घेतात, तारीख तेवढी कोरी. कंपनीला हवा असलेला राजीनामा इतक्या खटपटीने, इतक्या धाकाने मिळवावा लागतो. आणि तोच कागद पोरं रागाच्या भरात व्हॉट्सॲपवर फुकट पाठवून देतात, वर स्टेटस ठेवतात सिंहाचा फोटो.

सोडूच नका, असं मी म्हणत नाही. प्रेस शॉपमध्ये उत्पादन वाढावं म्हणून सेन्सर बंद करून कुणी तुम्हाला उभं करत असेल, तर ग्रॅच्युइटीचा भागाकार करत बसू नका. त्याच क्षणी मशिनपासून दूर व्हा. बोटं पाच वर्षांनी व्याजासकट परत मिळत नाहीत. पण अशा ठिकाणी माणसं निमूट राबतात. आणि सोडतात कुठली? जिथे बस आहे, जेवण आहे, पगार सात तारखेला होतो आणि फक्त साहेबाचा आवाज चढा आहे, ती.

सोडून काय करणार, याचं अलीकडचं उत्तर म्हणजे ‘धंदा’. पाण्याच्या कडेला चार तंबू, चुलीवरचं मटण, रात्री काजवे. चालतोही काहींचा. पण हा धंदा पावसाचे चार महिने कमावतो आणि ते महिने जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात असतात. जून २०२४ च्या शेवटी भुशी धरणाजवळ एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, आणि लगोलग जुलैभर पर्यटनस्थळांवर मनाईचे आदेश निघाले. जून २०२५ मध्ये कुंडमळ्याचा पूल पडला, चार जीव गेले, पुन्हा बंदी. बंदी योग्यच. पण भजीचं पीठ भिजवून बसलेल्याला नोटीस पिरियड कुणी देत नाही.

या बाबतीत आमची आधीची पिढी हुशार. मावळातले बरेचसे बापे मुंबईला डबे पोचवायला गेले. तिथे लाइन म्हणजे मालमत्ता. गावी परत यायचं तर आपली गिऱ्हाइकं दुसऱ्याच्या हवाली करायची, त्याबद्दल पैसे घ्यायचे आणि मग लोकलला बसायचं. एमबीए वगैरे काही नव्हतं. २०२० च्या लॉकडाउनने त्यांचीही लाइन तोडली, पण तो राग कुणा सुपरवायझरवर काढायची सोय नव्हती. गपगुमान येऊन इंद्रायणी भाताच्या खाचरात उतरले.

नोकरी सोडल्यानंतरच्या मधल्या महिन्यांत घर कोण चालवतं, हेही सांगून टाकतो. बायको रिसॉर्टच्या किचनमध्ये भांडी घासायला जाते. तिला तिथला मॅनेजर काय बोलतो हे ती घरी येऊन सांगत नाही, आणि तिचा राजीनाम्याचा हंगाम अजून कुठल्याच महिन्यात आलेला नाही.

सुधारणेची चिन्हं मात्र दिसू लागलीत, आणि ती कामगार आयुक्तांकडून नाही, सोयरिकीतून आली. मुलीकडचे आजकाल बायोडेटावरच्या ‘खासगी कंपनीत नोकरी’वर विसंबत नाहीत. कुणाच्या तरी ओळखीने गेटवरच्या सिक्युरिटीला फोन लावतात आणि विचारतात, ‘हा पोरगा काल पंच करून गेला का?’ एचआरला अटेंडन्स बोनस लावूनही जे जमलं नव्हतं ते या एका फोनने जमलं. लग्नाच्या वयाची पोरं यंदा आवणीलासुद्धा अर्ज देऊन, मंजूर करून, दोनच दिवसांची रजा घेऊन आली.