तीन वैमानिक आणि हळदकुंकू

रायपूरच्या सदर बाजारात चांदीचं दोनच गोष्टींशी नातं : वजन आणि टंच. दोन महायुद्धांच्या मधली जर्मन स्मृतिपदकं जमवणारा माणूस तिथे एकतर वेडा ठरतो, नाहीतर चोर. माझ्याबाबत सराफांचा निकाल अजून राखीव आहे.

‘ब्रेमेन’चं पदक मी तिथे फक्त वजन करायला नेलं होतं. एप्रिल १९२८ मध्ये या नावाच्या विमानातून क्योल आणि ह्यूनेफेल्ड हे जर्मन आणि फिट्झमॉरिस हा आयरिश, अशा तिघांनी उत्तर अटलांटिक पूर्वेकडून पश्चिमेला, म्हणजे समोरचा वारा खात, न थांबता पहिल्यांदा पार केला. निघाले न्यूयॉर्कला, उतरले कॅनडाच्या एका गोठलेल्या बेटावर. तरी म्युनिकच्या कार्ल गोएट्झनं तिघांचे चेहरे एकामागे एक बसवून पदक काढलंच. सराफानं भिंग लावलं, कड नखानं चाचपली आणि आदरानं विचारलं, “भैया, ये तीनों कौन से भगवान हैं?”

आमच्या आत्याला तेवढीही शंका आली नाही. तीन तोंडं म्हणजे दत्तगुरू! लक्ष्मीपूजनाला तिघांनाही हळदकुंकू लागलं. ह्यूनेफेल्ड एका डोळ्याला काच लावणारा बॅरन. कुंकू नेमकं डोळ्यात. त्याआधी रांगोळीनं घासून पदक लख्खही केलेलं. नव्वद वर्षांचा तो निळसर काळिमा, ज्यावर संग्राहक जीव टाकतात, मोरीतून वाहून गेला. “किती मळवलं होतंस रे!” हे वर.

बरं, हरलेल्या, कर्जबाजारी जर्मनीला पदकांची हौस किती! १९२७ मध्ये हिंडेनबुर्गची ऐंशी वर्षं, १९२८ मध्ये ड्यूररची चारशेवी पुण्यतिथी, १९३२ मध्ये गटेची शंभरावी : काढा पदक. आपल्या मंडळांना शाल-श्रीफळाचा उगाच दोष देतात.

आत्याला पटलं ते एकच पदक, आणि तेही चांदीचं नव्हे. जर्मन महागाईच्या कहरातले, १ नोव्हेंबर १९२३ चे भाव त्यावर कोरलेत : एक पौंड पाव तीन अब्ज मार्क, मांस छत्तीस अब्ज, बियरचा पेला चार अब्ज. मी वाचून दाखवलं. तिनं चष्मा पुसून पदक उलटसुलट पाहिलं.

“पावापेक्षा दारू महाग ठेवली, हे शहाणपणाचं,” ती म्हणाली. “शास्त्री बाजारातल्या टोमॅटोचंही एक काढायला सांग त्या पदकवाल्याला. फक्त भाव पेन्सिलीनं लिही म्हणावं.”